स्पिटफायरचा मागचा हाफ शाफ्ट कशामुळे तुटला? तुटलेल्या तोंडावरून केलेले निदान

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. १९६८ सालची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ३ आपण रत्नागिरीत खिळ्यापासून खोलून पुन्हा उभी केली. त्यानंतर सुमारे १,८०० किलोमीटर चालवताना आधी क्लच सोडतेवेळी मागून ‘ठक्’ असा आवाज येऊ लागला, पुढे उजव्या वळणावर घरघर ऐकू येऊ लागली, आणि शेवटी गणपतीपुळ्याहून आरे-वारेच्या रस्त्याने परतताना चढावर, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चाललेली असताना, मागचे डावे चाक ब्रेकच्या ड्रमसकट निखळून पडले; ते चाक फिरवणारा दांडा, म्हणजे हाफ शाफ्ट, तुटला होता. एका मेस्त्रींच्या मते क्लच झटक्याने सोडल्यामुळे शाफ्ट तुटला. दुसऱ्यांच्या मते डिफरन्शियल (इंजिनाची ओढ दोन्ही मागच्या चाकांना वाटून देणारा गिअरांचा संच) गेले असून ते पूर्ण बदलावे लागेल. तिसरा सल्ला असा मिळाला की ही सगळी नाजूक रचना काढून टाकून एखाद्या व्हॅनचा अखंड ॲक्सल बसवावा. आपण तुटलेल्या शाफ्टच्या दोन्ही तोंडांचे, हबच्या (चाक ज्यावर बसते त्या भागाच्या) आतल्या टेपरचे, म्हणजे निमुळत्या छिद्राचे, आणि चावीचे (हब व शाफ्ट यांच्या खाचेत बसणाऱ्या लोखंडी पट्टीचे) फोटो पाठवले आहेत, आणि गाडी खड्ड्यांत घासू नये म्हणून मागच्या पाट्यात एक पान वाढवल्याचेही कळवले आहे.

माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचे विवेचन कशासाठी आहे ते लक्षात येईल. हा शाफ्ट त्या चढाच्या बराच आधीपासून तुटत आला होता आणि चढावर केवळ त्याचा उरलेला भाग सुटला. दोषाचे मूळ हब आणि शाफ्ट यांच्या टेपर जोडात आहे, आणि तो जोड गाडी बांधताना पहिल्या दिवशीच नीट बसलेला नव्हता. डावी आणि उजवी बाजू एकाच हाताने, एकाच पद्धतीने आणि त्याच वेळी बांधली गेली असल्यामुळे उजवा शाफ्ट वरून शाबूत दिसत असला तरी त्याची तपासणी होईपर्यंत गाडी अंगणातसुद्धा इंजिनावर हलवू नये.

या गाडीचा मागचा भाग समजून घेताना अँबॅसडरची किंवा जीपची रचना डोळ्यांसमोरून दूर करावी लागते. तिथे मागचा ॲक्सल एका बंद लोखंडी घरात असतो, दोन्ही चाकांपर्यंत तेल पोहोचते आणि गाडीचे वजन मुख्यतः ते घर पेलते. स्पिटफायर १९६२ साली आली ती १९५९ च्या ट्रायम्फ हेरल्डची चासी आखूड करून, आणि हेरल्डची मागची रचनाही तिने जशीच्या तशी घेतली. डिफरन्शियल चासीला बांधलेले असते, त्याच्या डोक्यावर आडवा पाटा असतो आणि दोन्ही बाजूंना उघडे हाफ शाफ्ट असतात. प्रत्येक हाफ शाफ्टला आतल्या टोकाशी एकच क्रॉस, म्हणजे कोनात वळू शकणारा युनिव्हर्सल जॉइंट, असतो आणि चाक त्या क्रॉसभोवती वर-खाली झुलते. म्हणजे हा शाफ्ट चाक फिरवण्याचे काम तर करतोच, शिवाय चाकाला आडव्या दिशेने जागेवर धरण्याचे कामही त्यालाच करावे लागते. वळणावर चाकावर येणारा सगळा आडवा जोर याच शाफ्टच्या अंगावरून डिफरन्शियलपर्यंत जातो.

बाहेरच्या टोकाशी शाफ्ट दोन बेअरिंगांतून जातो. आतल्या बाजूला नीडल बेअरिंग असते आणि त्याच्या सुया थेट शाफ्टच्या पृष्ठावर धावतात. बाहेरच्या बाजूला बॉल बेअरिंग असते. त्याच्याही बाहेर शाफ्ट निमुळता होतो, त्या टेपरवर हब दाबून बसतो, मध्ये एक चावी असते आणि टोकाला मोठा नट असतो. आपला शाफ्ट नेमका टेपरच्या जाड टोकाशी, म्हणजे बॉल बेअरिंगच्या लगेच बाहेर तुटला आहे. त्या जागेपलीकडे हबला धरून ठेवणारे काहीही नसल्यामुळे चाक, ड्रम आणि हब एकत्र निघून गेले. आणखी आत तुटला असता, तर बॉल बेअरिंगने हबला काही काळ तरी धरून ठेवले असते.

आता तुटलेल्या तोंडाकडे येऊ, कारण सर्वांत खात्रीची साक्ष तिथेच मिळते. त्याआधी एक कळकळीची विनंती आहे. ती दोन्ही तोंडे एकमेकांवर बसवून पाहू नका, तारेच्या ब्रशने घासू नका आणि उघडी ठेवू नका. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ताज्या तुटलेल्या पोलादावर एका रात्रीत गंज धरतो आणि वाचता येण्याजोगे सगळे पुसून जाते. मऊ ब्रशने डिझेलमध्ये धुऊन, तेल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दोन्ही तुकडे वेगवेगळे ठेवा. पाहताना दिवा समोरून न धरता बाजूने तिरका धरा.

आपल्या फोटोत तोंडाचा बराचसा भाग गुळगुळीत, मंद तपकिरी आहे आणि त्यावर ओहोटीनंतर पुळणीवर उरतात तशा एकापुढे एक वक्र रेषा आहेत. या रेषा चावीच्या खाचेच्या आतल्या कोपऱ्यापासून निघून पलीकडच्या कडेकडे पसरतात. पलीकडे साधारण पाचवा हिस्सा मात्र खरखरीत, दाणेदार आणि करड्या रंगाचा आहे. गुळगुळीत भागात भेग हळूहळू, फेऱ्याफेऱ्याने पुढे सरकली. खरखरीत भाग एका क्षणात तुटला. यालाच फटीग, म्हणजे धातूचा थकवा म्हणतात. वक्र रेषा जिथे एकवटतात तिथे भेगेचा उगम असतो, आणि शेवटी उरलेला भाग जितका लहान, तितका तुटण्याच्या क्षणीचा भार सामान्य असतो. ज्या शाफ्टचा पाचवा हिस्साच उरला होता त्याला त्या चढावर साधे दुसऱ्या गिअरचे ओढणेही पेलले नाही. क्लच झटक्याने सोडून चांगला शाफ्ट पिळून तुटला असता, तर तोंडावर या रेषा दिसल्याच नसत्या. मऊसर पोलाद पिळून तुटते तेव्हा तोंड सपाट राहून त्यावर भोवऱ्यासारखी एकच मुरड दिसते, आणि कडक पोलाद तुटते तेव्हा साधारण ४५ अंशांत तिरकी, मळसूत्री फूट पडते. आपल्या फोटोत यांपैकी काहीही नाही. क्लच सोडणाऱ्याला दोष देण्याचे कारण उरत नाही.

थकवा इतक्या लवकर कसा आला, हा प्रश्न आपल्या मनात येईल. गाडीचे वजन चाकावर येते तेव्हा शाफ्टचे बाहेरचे टोक सतत वर वाकू पाहते. शाफ्ट फिरत असल्यामुळे त्याच्या पृष्ठावरचा प्रत्येक कण प्रत्येक फेऱ्यात एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो. १४५ आर १३ मापाचा टायर एका किलोमीटरमध्ये सुमारे ५७० फेरे घेतो, तेव्हा १,८०० किलोमीटरमध्ये त्या जागेवर दहा लाखांहून अधिक वेळा हा ताण उलटसुलट झाला. टेपर नीट बसलेला असेल तर पोलाद हे वर्षानुवर्षे सहन करते. त्याच जागी एखादी ओरखड, गंजाचा खड्डा किंवा घासलेली खाच मिळाली, की भेग तिथे रुजते.

ही खाच कशी तयार झाली, ते आपल्या दुसऱ्या दोन फोटोंतून दिसते. हबच्या आतल्या टेपर छिद्रात जवळजवळ अर्ध्या भागावर काळ्या पावडर कोटिंगचा थर अजून शिल्लक आहे, आणि उघड्या पडलेल्या भागावर कोकोसारखी तांबूस-तपकिरी पूड साचलेली आहे. चावीच्या वरच्या पृष्ठावर चकचकीत घासल्याची पट्टी आहे. या तिन्ही खुणा एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. हब टेपरवर बसलेला नव्हता. तो काही अंशी रंगाच्या थरावर आणि काही अंशी चावीच्या डोक्यावर बसलेला होता.

टेपर जोडात बळ वाहून नेण्याचे काम दोन निमुळत्या पृष्ठांच्या घट्ट दाबाने होते. चावी बसवताना दिशा दाखवते आणि अडीअडचणीला आधार देते, एवढेच तिचे काम. नवी चावी मूळ चावीपेक्षा थोडीशी उंच असेल, किंवा बसवताना खाचेच्या चढत्या टोकावर सरकली असेल, तर हब तिच्यावर अडतो. त्या स्थितीतही नट घट्ट होतो, टॉर्क पाना पुरता आकडा दाखवतो आणि बांधणाऱ्याला शंका यायचे काहीच कारण राहत नाही. पावडर कोटिंगचेही तसेच होते. थर सुरुवातीला कडक वाटतो, पण भाराखाली आणि ब्रेकच्या उष्णतेने तो दबतो, आणि नटाचा ताण नट न फिरताच कमी होतो. मग हब शाफ्टवर केसाच्या रुंदीहूनही कमी अंतराने पुढे-मागे हलू लागतो. त्या हलण्याने पृष्ठे झिजून जी लोखंडी पूड होते ती ऑक्सिजनशी मिळून तांबूस दिसते, आणि झिजलेल्या पृष्ठावर सूक्ष्म भेगा पडतात. सगळी ओढ चावीवर येते, चावीच्या खाचेचा कोपरा ताणला जातो, आणि पुढची कथा त्या वक्र रेषा सांगतात.

पुन्हा उभ्या केलेल्या गाड्यांत हा दोष मला वारंवार दिसतो, आणि तो पाहून वाईट वाटते, कारण तो निष्काळजीपणातून येत नाही. मालक आणि कारागीर प्रत्येक भाग सुंदर करण्याच्या ओढीने सगळे सुटे भाग एकगठ्ठा कोटिंगला देतात आणि कोणती पृष्ठे कोरी राहिली पाहिजेत हे सांगायचे राहून जाते. हबचा टेपर, ड्रम आणि हब यांची जुळणारी सपाट बाजू, चाकाच्या नटांची बैठक आणि क्रॉसच्या फ्लँजची (बोल्टने जोडायच्या चकतीची) तोंडे यांवर रंगाचा लवलेशही चालत नाही. आपल्या ड्रमच्या बैठकीवरही रंग दिसतो. तोही काढावा लागेल, नाहीतर उद्या चाकाचे नट ढिले होतील.

शाफ्ट जुनाच वापरला असल्यामुळे एक गोष्ट पाहून ठेवा. भिंगातून भेगेच्या उगमापाशी पाहिले असता तिथे आत रंगाचा अंश शिरलेला दिसला, तर ती भेग रंगकामाच्या आधीपासूनची होती असा अर्थ होतो. उगमापाशी केवळ तांबूस पूड असेल, तर भेग बांधणीनंतरची. खर्च कोणी सोसायचा यासाठी नव्हे, तर उजव्या शाफ्टचे आयुष्य ठरवण्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे.

आता ‘ठक्’ या आवाजाविषयी. दुसऱ्या मेस्त्रींनी डिफरन्शियलवर शंका का घेतली ते मी समजू शकतो. पिनियनचा, म्हणजे इंजिनाकडून ओढ घेणाऱ्या छोट्या गिअरचा, फ्लँज हाताने फिरवला तर त्यात बराच मोकळेपणा जाणवतो, आणि साहजिकच क्राऊन-पिनियन (तो गिअर आणि त्याला जुळणारा मोठा गिअर) गेले असे वाटते. पण हिशोब करून पाहा. मार्क ३ चे प्रमाण ४.११ ला १ असे आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात पिनियन ४.११ फेरे घेतो. हँडब्रेक ओढलेला असेल तर दोन्ही ड्रम धरले जातात. अशा वेळी एका हबमध्ये शाफ्ट दोन अंश मोकळा फिरत असेल, तर डिफरन्शियलचे मधले घर दोन्ही बाजूंच्या सरासरीने, म्हणजे एक अंश फिरते, आणि पिनियनवर तो मोकळेपणा चार अंशांहून थोडा जास्त होऊन दिसतो. दोन्ही हब ढिले असतील तर आठ अंशांहून जास्त. अशा आकाराच्या क्राऊन-पिनियनमधली योग्य फट मात्र दातावर ०.१० ते ०.१५ मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणून मोकळेपणा पिनियनवर मोजून डिफरन्शियलला दोष देणे योग्य नाही. तो चाकाकडून सुरुवात करून एकेका जोडाला मोजत आत यायला हवे.

उजव्या बाजूला ही मोजणी आताच करता येते. गाडी घोड्यांवर (स्टँडवर) घ्या, हँडब्रेक ओढा, चाक काढा आणि शाफ्टचे टोक, नट व हब यांच्यावरून एक बारीक सरळ रंगरेघ मारा. मग आतल्या फ्लँजपाशी शाफ्ट पाइप पान्याने, खाली पट्टी ठेवून, हलके पुढे-मागे करा आणि दुसऱ्या माणसाला ती रेघ पाहायला सांगा. रेघ तुटली, तर हब ढिला आहे. रेघ तशीच राहून क्रॉसमध्ये हालचाल दिसली, तर क्रॉस झिजलेला आहे. दोन्ही ठिकाणी काही नसेल, तरच डिफरन्शियलच्या आतल्या छोट्या गिअरांचे थ्रस्ट वॉशर तपासण्याचा विषय येतो. ते वॉशर या गाड्यांत झिजतात हे खरे आहे, पण त्यांच्यामुळे शाफ्ट टेपरवर तुटत नाही.

घरघर आपल्याला उजव्या वळणावर ऐकू येत होती. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो, त्यामुळे ती तक्रार डाव्या हबचीच होती असे मी धरतो. क्राऊन-पिनियनचा आवाज ॲक्सिलरेटर दाबल्या-सोडल्यावर बदलतो, वळणावर नव्हे. डावे बॉल बेअरिंग आता बदलायचेच आहे. त्यासोबत शाफ्टवरचा नीडल बेअरिंगचा पट्टा मात्र बारकाईने पाहा. आपली गाडी बांधणीपूर्वी काही पावसाळे पडवीत एकाच जागी उभी होती, असे आपण लिहिले आहे. ग्रीस सुकलेले, हवा खारट आणि दमट, आणि शाफ्ट एकाच स्थितीत. अशा वेळी प्रत्येक सुई जिथे टेकलेली असते तिथे शाफ्टवर समान अंतरावर गंजाच्या आडव्या रेघा उमटतात. बोटाच्या नखाला त्या लागत असतील, तर नवे बेअरिंग घालून काही उपयोग नाही, कारण या बेअरिंगची आतली धाव म्हणजे शाफ्ट स्वतःच. शिवाय त्यांतली प्रत्येक रेघ पुढच्या भेगेला निमंत्रण असते. हबच्या घरात ग्रीस भरण्यासाठी अनेक गाड्यांवर एक लहान प्लग असतो. तो काढून निप्पल लावायचा आणि ग्रीस भरून प्लग परत बसवायचा अशी मूळ पद्धत आहे. रंगाखाली तो प्लग झाकला जातो आणि कोणाच्या लक्षातही राहत नाही. कोकणात चालणाऱ्या गाडीला मी पावसाळा संपताच ग्रीस भरायला सांगतो, किलोमीटर कितीही झालेले असोत.

ड्रममध्ये ओल दिसली म्हणून डिफरन्शियलचे सील बदलल्याचे आपण लिहिले आहे. या गाडीत शाफ्ट उघडा असल्यामुळे डिफरन्शियलचे तेल ड्रमपर्यंत पोहोचूच शकत नाही. ती ओल हबच्या ग्रीसची किंवा व्हील सिलिंडरमधल्या ब्रेक ऑईलची होती. सिलिंडर आता तपासा, कारण ड्रम निघून गेल्यावर ब्रेकचे शू बाहेर फाकतात आणि पिस्टन बाहेर येतात. ब्रेकचे सर्किट एकेरी असेल तर त्या क्षणी चारही चाकांचा ब्रेक जातो. आपण चढावर होतात आणि वेग कमी होता म्हणून निभावले. निवळी घाटात उतरताना हे घडले असते तर काय झाले असते, याचा विचारही करवत नाही.

वाढवलेल्या पानाविषयी माझे मत स्पष्ट आहे: ते काढा. त्याने शाफ्ट तोडला नाही, पण शाफ्टचे काम अवघड केले. मागची बाजू उचलली गेली की दोन्ही चाके खालून आत झुकतात, वळणावर टायर कडेवर चालतो, आणि क्रॉस कायम कोनात फिरतो. एकच क्रॉस कोनात फिरताना पलीकडचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा वेगाने आणि दोनदा सावकाश फिरतो. कोन १० अंशांचा असेल तर हा फरक दीड टक्का, १५ अंशांना साडेतीन टक्के आणि २० अंशांना सहा टक्क्यांहून जास्त. ढिल्या हबला हा हेलकावा प्रत्येक फेऱ्यात बसत होता. झुलत्या शाफ्टच्या या स्वभावावर ट्रायम्फने १९७० च्या मार्क ४ मध्ये पाट्याचे फक्त सर्वांत खालचे पान घट्ट धरून बाकीची पाने मोकळी झुलू देणारी रचना आणली, म्हणजे त्यांनीही पाटा अधिक कडक करण्याचा मार्ग धरला नाही. सोबत मागच्या शॉक ॲब्सॉर्बरची उघडलेली लांबी मूळ मापाशी ताडून पाहा. या गाडीत चाक किती खाली जाईल ते शॉक ॲब्सॉर्बरच ठरवतो; तो लांब असेल तर क्रॉस आपल्या मर्यादेपलीकडे वाकतो आणि अडतो. चाकाचा कल मोजण्यापूर्वी, जॅकवरून उतरवलेली गाडी काही मीटर ढकलून पुढे-मागे करा, नाहीतर चाके आत ओढलेलीच राहतात आणि माप खोटे येते.

नव्या शाफ्टसाठी परदेशातून भाग मागवणे हा सरळ मार्ग आहे. मात्र आपल्या चासी क्रमांकासाठीचाच शाफ्ट मागवा. भंगारातून हेरल्डचा शाफ्ट मिळेल, दिसायलाही तसाच असेल, पण अर्धशतकाहून जुन्या शाफ्टने किती लाख फेरे सोसले आहेत ते त्याच्या अंगावर लिहिलेले नसते. तो वापरायचाच असेल तर मापे जुळवून आणि चुंबकीय कणांच्या पद्धतीने भेग तपासूनच. स्थानिक पातळीवर करवून घ्यायचा असेल तर आंबा घाटाने कोल्हापूरला जा. उद्यमनगर आणि शिरोली परिसरात हे काम जाणणारे कारखाने आहेत. पोलाद ईएन-२४ दर्जाचे, योग्य कडकपणा दिलेले असावे. नीडल बेअरिंगचा पट्टा वेगळा कडक करून ग्राइंड केलेला असावा, चावीच्या खाचेचे आतले कोपरे गोलाई दिलेले असावेत, आणि जिथे व्यास बदलतो तिथेही गोलाई ठेवावी. जवळच्या लेथवर साध्या सळईतून काढलेला शाफ्ट मापाला बरोबर असला तरी या जागी टिकणार नाही. तुटलेला शाफ्ट वेल्डिंग करून लेथवर साफ करून देतो असे कोणी म्हणाले, तर कृपया नकार द्या. वेल्डच्या शेजारची पट्टी ठिसूळ होते आणि चाक दुसऱ्यांदा जाते.

उजवा हब काढताना हातोडा आणि गॅस दोन्ही दूर ठेवा. शाफ्टच्या टोकावर घाव घातल्यास आटे आणि बेअरिंग जातात. गॅसने तापवल्यास पोलादाला दिलेला कडकपणा उतरतो. या हबसाठी चाकाच्या स्टडांवर बसणारा जाड पुलर लागतो. नट काही आटे सैल करून तसाच ठेवा, पुलरला पूर्ण ताण द्या, रात्रभर राहू द्या आणि सकाळी पुलरच्या मधल्या बोल्टच्या डोक्यावर एक घाव घाला. हब सुटला की मोठा आवाज होतो, त्याने घाबरू नका. शाफ्ट स्वच्छ करून टेपर आणि खाचेवर डाय पेनिट्रंट (भेग दाखवणारे रंगद्रव) लावा: आधी क्लीनर, मग लाल द्रव, तो दहा-वीस मिनिटे मुरू देऊन कपड्याने पुसायचा, आणि वरून पांढरा डेव्हलपर. खाचेच्या कोपऱ्यातून लाल रेघ वर आली, तर तो शाफ्टही गेला.

बसवण्याचे काम मात्र मी मोटारीच्या मेस्त्रीऐवजी मिरकरवाडा बंदरातल्या, ट्रॉलरचे पंखे बसवणाऱ्या कारागिराकडून शिकून घ्यायला सांगेन. बोटीचा पंखा शाफ्टवर टेपर आणि चावीनेच बसतो आणि तो समुद्रात सुटला तर काय होते हे त्यांना चांगले ठाऊक असते. पद्धत अशी आहे. दोन्ही टेपर थिनरने पुसून कोरडे करा. तेल, ग्रीस, रंग काहीही नको. शाफ्टच्या टेपरवर प्रशियन ब्लूचा (दोन पृष्ठे कुठे टेकतात ते दाखवणाऱ्या निळ्या लेपाचा) अतिशय पातळ हात द्या, हब चावीशिवाय हाताने दाबून बसवा, किंचित फिरवा आणि काढा. हबमध्ये निळा रंग सगळीकडे, निदान तीन चतुर्थांश पृष्ठावर उमटला पाहिजे, आणि जाड टोकाशी तो नक्की असला पाहिजे. मग चावीशिवायच हब पुन्हा दाबून बसवा आणि शाफ्टचे टोक हबच्या तोंडापासून किती आत किंवा बाहेर आहे ते व्हर्निअरने मोजून लिहून ठेवा. आता चावी घालून तेच माप घ्या. दोन्ही मापे सारखी आली पाहिजेत. चावीसह हब थोडाही बाहेर राहत असेल, तर चावी अडते आहे. तिचे डोके घासून वर थोडी मोकळीक ठेवा, बाजूंनी मात्र ती घट्टच हवी. ही एक मोजणी बांधणीच्या दिवशी झाली असती, तर चाक निखळले नसते. शेवटी नवा लॉकनट लावून आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा, आणि पहिल्या शंभर व पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा पान्याने तपासा.

अखंड ॲक्सल बसवण्याच्या सल्ल्याला भारतात एक आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून हेरल्ड बनवली आणि १९७२ साली तिच्यावरूनच काढलेल्या गझेलला मागे अखंड ॲक्सल दिला. पण ते काम कारखान्यात, चासीत त्यानुसार बदल करून झाले. स्पिटफायरच्या चासीत उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेचे, पाटे धरायला जागा नाही. तशा जागा वेल्ड करून तयार कराव्या लागतील, आणि डिफरन्शियल चासीला बांधलेले न राहता वर-खाली होऊ लागेल, त्याला जागा देण्यासाठी मागची पत्राची फरशीही कापावी लागेल. मूळ रचना शाबूत असलेली गाडी एका न बसलेल्या चावीपायी अशी कापणे मला पटत नाही.

उजवा हब काढल्यावर हबच्या आतल्या टेपरचा, शाफ्टवरच्या नीडलच्या पट्ट्याचा आणि चावीच्या वरच्या पृष्ठाचा असे तीन फोटो तिरक्या प्रकाशात काढून पाठवा, आणि चावीसह व चावीशिवाय घेतलेली दोन मापे सोबत लिहा. त्यावरून उजवा शाफ्ट परत वापरायचा की दोन्ही एकदमच मागवायचे, हे सांगता येईल.